आनंदीबाईंचा दिनक्रम

कल्याणहून सकाळच्या गाडीने निघणारा कारकून, शिक्षक वा विद्यार्थी मनात एखादे ध्येय बाळगून असतो. दिवस मात्र सवयींच्या ताब्यात असतो. याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे, म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या ओढाताणीकडे लक्ष ठेवून वाचावे.

नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यातील बिजवर कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. मुलीला शिकवू द्यावे, ही त्यांची अट होती. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि बिऱ्हाडाबरोबर अभ्यासही हलत राहिला. पुस्तक टाकून मुलगी स्वयंपाकघरात रमली तर गोपाळराव मारहाण करीत, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्या सुधारकीचे गोडवे गाताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो. अभ्यासाची सवय लागली खरी, परंतु ध्येय पतीचे होते. दिवस तेवढा पत्नीचा खर्ची पडत होता.

कोवळ्या वयात झालेला मुलगा अवघे दहा दिवस जगला. वैद्यकाची ओढ या आघातातून निर्माण झाली, असे मानले जाते. तेथून ध्येयही त्यांचे स्वतःचे झाले. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. देशाला स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी त्यात सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धार व्यक्त केला. एप्रिलमध्ये त्या पतीविना अमेरिकेस निघाल्या.

हा निर्धार पाळायचा म्हणजे फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात रोज लुगडे नेसायचे आणि रोज शाकाहारच करायचा. अभ्यास एका बाजूला, हे व्रत दुसऱ्या बाजूला, आणि पाहणारे गोपाळराव हजारो मैल दूर! थंडीपुढे त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची साडी पत्करली; व्रत मात्र मोडले नाही. या हट्टापायी प्रकृती ढासळली, असा ठपका ठेवणे सोपे आहे. पण क्षयावर त्या काळी खात्रीचे औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४० नंतरचे दशक उजाडावे लागले. शिवाय ज्या सोवळ्या घरांतील बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवीत नसत, त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर आपण त्यांना परक्या वाटता कामा नये, हे आनंदीबाई जाणून असाव्यात. मग साडी आणि शाकाहार यांना अभ्यासातील अडथळा कसे म्हणावे?

मार्च १८८६ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरविले. त्या वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या, पण त्या विभागात पाऊल ठेवण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना मुलीसारखे सांभाळणाऱ्या कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांना जागा मिळाली.