बापलेकातला तह

बेंजामिन फ्रँकलिन म्हटला की आपल्याला शाळेतला पतंग आणि वीज आठवते. मला मात्र त्याचं म्हातारपण अधिक अस्वस्थ करतं.

१७०६ साली बोस्टनमध्ये मेणबत्त्या करणाऱ्याच्या घरी जन्मलेला हा छापखानेवाला साठीपर्यंत इंग्लंडच्या राजाशी निष्ठावंत होता. त्याचा मुलगा विल्यम राजाच्याच कृपेने न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला होता.

१७६५ मध्ये पार्लमेंटने अमेरिकन वसाहतींवर स्टँप कर लादला. तिथे वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. लोक खवळले. फ्रँकलिनने लंडनमध्ये त्यांची बाजू मांडली. १७६६ मध्ये कर रद्द झाला. पण चहावरचा कर पुढे टोचतच राहिला. १७७३ मध्ये बोस्टनकरांनी ३४२ पेट्या चहा समुद्रात बुडवला, तेव्हा इंग्लंडने त्यांचं बंदरच बंद केलं. त्याआधीच, मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची पत्रं फोडल्याबद्दल लंडनमध्ये भर सभेत फ्रँकलिनचा पाणउतारा झाला होता. समेटाची आशा तिथेच विझू लागली असावी, असं मला वाटतं.

एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळ्या सुटल्या. १७७६ मध्ये सत्तरीच्या फ्रँकलिनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. विल्यम राजाच्या बाजूने राहिला आणि कैदेत गेला.

१७८३ मध्ये पॅरिसला तह झाला. पुढच्याच वर्षी मुलाने समेटासाठी पत्र धाडलं. १७८५ मध्ये साउथॅम्प्टनला दोघं भेटले, ते शेवटचेच. १७९० मध्ये फ्रँकलिन वारला; मृत्युपत्रात विल्यमच्या वाट्याला जवळजवळ काहीच नव्हतं.

साम्राज्याशी तह करणाऱ्या या मुत्सद्द्याला पोटच्या पोराशी तह काही जमला नाही.