गोल्डस्मिडसाहेब आणि शेताचा क्रमांक

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत असे शेतकऱ्याचे घर क्वचितच सापडेल की, जेथे जुन्या ट्रंकेत अगर भिंतीवरच्या फळीवर सातबाराचा उतारा जपून ठेविलेला नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी वडिलांबरोबर तलाठ्याचे चावडीत तासन्‌तास उभे राहून तो आणिला असेल. हल्ली तोच उतारा संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात उमटतो. गाव निवडावे, क्रमांक लिहावा, की शेताचे क्षेत्र, आकार आणि खातेदाराचे नाव समोर उभे राहते. हे सर्व पाहून मुलांस संगणकाचे कौतुक वाटते व ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक शेतास एक आणि एकच क्रमांक असावा, त्याची हकीकत ठराविक रकान्यांत लिहावी, व त्या क्रमांकावरून विचाराल त्या प्रश्नाचे उत्तर मिळावे, ही योजना आमच्या मुलखात संगणकापूर्वी सव्वाशे वर्षांच्याही आधी अमलात आली. ती ज्यांनी आखली त्या दोघांतील पहिल्या पुरुषाचे, हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड यांचे, चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो.

गोल्डस्मिड यांचा जन्म इ. स. १८१२ साली लंडन शहरी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी हेलीबरी येथे विद्यालय होते, तेथे त्यांचे शिक्षण झाले व पौर्वात्य भाषांत त्यांनी प्रावीण्य मिळविले. इ. स. १८३२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते मुंबई इलाख्यात नोकरीस दाखल झाले. त्या वेळी पेशवाई बुडून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. मुलूख हाती आला होता, परंतु कोणत्या शेतावर किती सारा घ्यावा हे नव्या राज्यकर्त्यांस उमगले नव्हते.

उमगले नव्हते म्हणण्यापेक्षा चुकीचे उमगले होते असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. प्रिंगल नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने इ. स. १८२७ नंतरच्या तीन-चार वर्षांत पुणे जिल्ह्याची मोजणी केली होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते, मशागतीस खर्च किती लागतो, व खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती राहते, याची विस्तृत कोष्टके तयार करून त्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ इतका सारा सरकारने घ्यावा, असा त्यांचा हिशेब होता. गणित निर्दोष होते. परंतु गणितात घातलेले आकडे सदोष होते. मोजणी खोटी झाली, प्रतबंदी करणाऱ्या हाताखालच्या लोकांत लाचलुचपत माजली, आणि पिकाचे अंदाज निव्वळ कल्पनेने भरले गेले. ज्याने हात ओले केले त्याची काळी जमीन कागदावर बरड झाली, व ज्याच्यापाशी देण्यास काही नव्हते त्याची बरड काळी ठरली. त्यातच धान्याचे भाव उतरले. सारा देता येईना म्हणून शेते पडीक पडली, व कित्येक कुटुंबे गाव सोडून निजामाच्या मुलखात निघून गेली. कोष्टकात एक आकडा खोटा पडला तर चुलीवरचे भांडे कसे रिकामे राहते, हे त्या काळी या मुलखाने अनुभविले.

इ. स. १८३५ साली गोल्डस्मिड यांस इंदापूर तालुक्याची स्थिती पाहण्यास पाठविण्यात आले. त्यांचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. दौंडच्या पूर्वेस भीमेच्या काठाने पसरलेला हा अवर्षणाचा टापू त्यांनी गावोगाव हिंडून पाहिला, आणि जुनी आकारणी डागडुजी करण्याच्या पलीकडे गेली आहे, असा निष्कर्ष काढिला. बाँबे एंजिनिअर्स पलटणीतील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हे त्यांचे सहकारी झाले. तेही जवळजवळ त्याच वयाचे होते. या दोन तरुणांनी मिळून जी पद्धत बसविली तिचा अंमल इ. स. १८३६ साली इंदापुरापासून सुरू झाला. पुढे ती भीमथडीत, म्हणजे ज्यात हल्लीचा दौंड तालुका मोडत असे त्या भागात, मग घोडनदीच्या काठच्या गावांपर्यंत, आणि कालांतराने बहुतेक सर्व मुंबई इलाख्यात पसरली.

या पद्धतीचे मर्म काय होते ते आता पाहू. पहिली गोष्ट अशी की, सर्व जमिनीचे सोयीस्कर आकाराचे तुकडे पाडून प्रत्येकास क्रमांक दिला व त्याच्या हद्दी दगड रोवून किंवा मातीचे बांध घालून कायम केल्या. शेत विकले जावो, वाटले जावो, धनी मरो वा परागंदा होवो, क्रमांक बदलावयाचा नाही. माणसाच्या नावावर विसंबून राहिल्यास एका गावात एकाच नावाचे चार इसम निघतात. शेताच्या लौकिक नावावर विसंबल्यास आंब्याचे शेत म्हणविणारी तीन शेते निघतात. क्रमांक मात्र त्या गावात एकाचाच असतो. दुसरी गोष्ट मोजणीची. ३३ फूट लांबीच्या साखळीने मोजणी होई. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. हे माप आजही आमच्या तोंडी आहे. तिसरी गोष्ट प्रतबंदीची. जमिनीचा पोत, रंग आणि मातीची खोली पाहून, चुनखडी, रेताडपणा किंवा उतार असे दोष वजा घालून, प्रत्येक शेताची प्रत आण्यांत ठरवीत. सोळा आणे म्हणजे उत्तम.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रिंगलसाहेबांप्रमाणे प्रत्येक शेताचे उत्पन्न कल्पिण्याचा खटाटोप या दोघांनी सोडून दिला. पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर व शेतीची एकंदर स्थिती पाहून गावांचे गट करावे, आणि गटास एक कमाल दर लावावा. शेताचा आकार मग क्षेत्र, आणे व दर यांवरून आपोआप निघावा, असे त्यांनी ठरविले. समजा, कमाल दर एकरी एक रुपया आहे, व दहा एकरांचे शेत बारा आण्यांचे आहे. तर एकरी बारा आणे, म्हणजे एकंदर १२० आणे, अर्थात साडेसात रुपये आकार झाला. उद्या सरकारने दर बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलावयाचा. शेताची मोजणी वा प्रत पुन्हा लिहिण्याचे कारण नाही.

आमच्या वरच्या वर्गातील जे विद्यार्थी संगणकावर लहानसहान वेब-उपयोजने तयार करू लागले आहेत, त्यांस यात ओळखीची खूण पटेल. आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने इ. स. १९७० साली असे प्रतिपादिले की, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक ओळीस ओळखीची एक किल्ली असावी, आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध त्या किल्लीनेच जोडावा. आजचे बहुतेक डेटाबेस याच तत्त्वावर उभे आहेत. शाळेच्या ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. एकाच लांबलचक वहीत विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, पत्ता, पुस्तकाचे नाव, लेखक व तारीख असे सर्व लिहिले, तर ज्या मुलाने वर्षात तीस पुस्तके नेली त्याचा पत्ता तीस वेळा लिहावा लागेल. तो घर बदलील तेव्हा तीस ठिकाणी खाडाखोड करावी लागेल, आणि त्यातील एक जरी राहिली तर खरा पत्ता कोणता, हे वहीस सांगता येणार नाही. म्हणून विद्यार्थ्यांचे कोष्टक निराळे करावे, पुस्तकांचे निराळे करावे. आणि देवघेवीचे तिसरे कोष्टक करून त्यात विद्यार्थ्याचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख व परत केल्याची तारीख एवढेच लिहावे. मग आठवीतील कोणाकोणाकडे पुस्तके राहिली आहेत, असा प्रश्न केला असता संगणक परतीची तारीख कोरी असलेल्या नोंदी काढून, त्या दोन्ही क्रमांकांनी इतर दोन कोष्टकांशी जुळवून, नावांची यादी पुढे ठेवितो. आमच्या महसुली दप्तरातही शेतवार नोंद वेगळी व खातेवार नोंद वेगळी राहते. सातबारा शेताचा क्रमांक विचारतो, आठ-अ खातेदाराचा. दोघांस जोडणारा दुवा क्रमांकच होय.

केवळ आखणीवर गोल्डस्मिड थांबले नाहीत. प्रिंगलसाहेबांच्या पद्धतीचा घात कोठे झाला हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून हाताखालच्या माणसांनी केलेल्या मोजणीपैकी व प्रतबंदीपैकी काही भाग वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः शेतावर जाऊन पुन्हा तपासावा, असा शिरस्ता घालण्यात आला. दर पुष्कळ उतरविण्यात आले, आणि ते तीस वर्षेपर्यंत वाढविले जाणार नाहीत, अशी हमी देण्यात आली. मधल्या काळात शेतकऱ्याने विहीर खणिली तरी त्यावर जादा सारा बसावयाचा नव्हता. आपण काय देणे लागतो हे शेतकऱ्यास आधीच कळू लागले, तेव्हा पडीक शेते पुन्हा नांगरटीखाली आली. या अनुभवावरून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इ. स. १८४० साली, व कॅप्टन डेव्हिडसन यांसह इ. स. १८४७ साली, जे संयुक्त अहवाल सादर केले ते पुढे इलाख्याच्या मोजणीखात्याचे प्रमाणग्रंथ ठरले.

उन्हातान्हातील या दहा वर्षांनंतर गोल्डस्मिड विलायतेस जाऊन विवाहित होऊन परत आले. इ. स. १८४७ साली ते गव्हर्नरांचे खासगी चिटणीस झाले, पुढल्या वर्षी महसूल खात्याचे चिटणीस, आणि इ. स. १८५४ साली मुंबई सरकारचे मुख्य चिटणीस झाले. परंतु प्रकृती ढासळली होती. इ. स. १८५५ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे कैरो शहरी देहावसान झाले.

चरित्र येथे संपते, परंतु त्यांच्या वहीची गोष्ट संपत नाही, आणि ती अर्धीच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वहीत शेत होते, क्षेत्र होते, आकार होता, सारा भरणाऱ्याचे नाव होते. सावकाराचे कर्ज लिहिण्यास मात्र रकाना नव्हता. क्रमांक पडून हद्द ठरल्यामुळे जमिनीस किंमत आली. ती गहाण ठेविता येऊ लागली, व कोर्टाच्या हुकुमाने हिरावूनही घेता येऊ लागली. या धोक्याचा इशारा विंगेटसाहेबांनी इ. स. १८५२ साली दिला होता, परंतु त्याची दखल जेवढी घ्यावयास हवी होती तेवढी घेतली गेली नाही. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी कापसाचे भाव चढले, तसे कर्जही वाढले. मग भाव कोसळले, आणि तीस वर्षांची मुदत संपताच इ. स. १८६७ पासून इंदापूर व भीमथडी या बाजूंस सारा वाढविण्यात आला. इ. स. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस भीमथडीतील सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा उसळला. दंगेखोरांचा रोख विशेषेकरून सावकारांच्या खतांवर व रोख्यांवर होता. हाती लागली तेवढी त्यांनी जाळिली. सरकारी वहीत ज्या देण्याचा मागमूस नव्हता ते देणे त्या कागदांत होते, हे त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांस पुरते ठाऊक होते. चौकशी होऊन इ. स. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. इ. स. १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला. आणि आज सातबारावर इतर अधिकार म्हणून जो रकाना दिसतो, ज्यात बोजा व कर्ज नोंदले जाते, तो पूर्वीची ही उणीव भरून काढतो. इ. स. १९४७ च्या एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर ठिकठिकाणी सर्व्हे नंबरांचे गट झाले. क्रमांक नवे पडले, तत्त्व तेच राहिले.

गोल्डस्मिड यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, ज्या टापूत त्यांनी मोजणीची पहिली साखळी टाकविली तेथे, दिक्सल येथे, लोकवर्गणीतून वाटसरूंसाठी एक धर्मशाळा त्यांच्या स्मरणार्थ उघडण्यात आली. परक्या सत्तेचा नोकर असूनही त्यांस हा मान मिळाला, कारण चुकीच्या आकड्याने गाव उजाड होतो हे त्यांनी पाहिले, आणि आकडा खरा करण्यासाठी ते शेताच्या बांधापर्यंत गेले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या दुकानाचा, दूध संस्थेचा, अगर एखाद्या ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचा हिशेब संगणकावर बसवितील. त्यांनी आरंभी तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या. ज्याची नोंद करावयाची त्यास न बदलणारा क्रमांक आहे काय? एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहिली आहे काय? आणि ज्याच्यासाठी रकानाच ठेविलेला नाही अशी कोणाची विवंचना या वहीबाहेर राहून जात आहे काय? पहिल्या दोहोंचे उत्तर गोल्डस्मिडसाहेबांच्या वहीत सापडते. तिसऱ्याचे उत्तर कर्डे आणि सुपे या गावांनी दिले आहे, आणि आमच्या मुलखातील मुलांनी ते कधीही विसरू नये.