देह विद्यार्थ्यांसाठी ठेवणारा प्रकाशक

रिचर्ड कार्लाइल डॉक्टर नव्हते. १७९० साली इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात एका जोडे शिवणाऱ्याच्या घरी ते जन्मले आणि पत्रेकाम शिकले. लंडनमध्ये मंदीत काम कमी झाले, तेव्हा पत्रके विकू लागले, पुढे छापू लागले.

थॉमस पेन यांचे धर्मचिकित्सा करणारे 'एज ऑफ रीझन' प्रसिद्ध केल्याबद्दल १८१९ मध्ये त्यांना तीन वर्षे कैद आणि १,५०० पौंड दंड झाला. दंड भरता येईना, म्हणून डॉर्चेस्टरच्या तुरुंगात सहा वर्षे गेली. दुकान मात्र सुरूच राहिले. पत्नी जेन आत गेली, मग बहीण मेरी ॲन. त्यानंतर नोकर एकामागून एक पकडले जाऊ लागले. विकणारा ओळखू येऊ नये म्हणून दुकानात एक तबकडी बसवली. गिऱ्हाइकाने काटा हव्या त्या पुस्तकावर आणायचा आणि पैसे टाकायचे, की पुस्तक खाली येई.

तुरुंगातूनच १८२१ मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांना उद्देशून पुस्तिका लिहिली: शरीराविषयी जे ठाऊक आहे ते पाद्र्यांच्या भीतीने लपवू नका. रोख उघड होता. शल्यचिकित्सक विल्यम लॉरेन्स यांनी मानवी शरीरावरची आपली व्याख्याने टीकेच्या दडपणाखाली मागे घेतली होती. कार्लाइल यांनी ती परवानगीविना छापली. चोरीच ती, पण वाचकांच्या फायद्याची.

१८२६ मध्ये त्यांनी 'एव्हरी वुमन्स बुक' काढले. स्पंजसारखी संततिनियमनाची साधने त्यात सरळ भाषेत होती. आजच्या मापाने ती कच्चीच. पण सततच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायकांना तेवढेही कोणी सांगत नव्हते. मुंबईत र. धों. कर्वे यांनी केंद्र काढले ते १९२१ साली.

शेतमजुरांची बाजू घेतल्याने १८३१ मध्ये पुन्हा तुरुंग. एकूण नऊ वर्षांहून अधिक काळ गजाआड गेला.

१८४३ च्या फेब्रुवारीत ते वारले. त्या काळी शवविच्छेदन म्हणजे विटंबना समजत. १८३२ पर्यंत कायद्याने खुन्यांचीच प्रेते मिळत, नंतर वर्कहाउसमधल्या बेवारस गरिबांची. कार्लाइल यांनी मात्र देह स्वेच्छेने दिला, आणि सेंट थॉमस रुग्णालयात त्याचे विच्छेदन झाले. पुढे दफनाच्या वेळी पाद्री प्रार्थना म्हणू लागला, तेव्हा मुलांनी हरकत घेतली. पाद्र्याने ऐकले नाही.