स्वतःचीच दाढ काढून घेतली आणि वेदनेवर उपाय सापडला. पण त्या डेंटिस्टच्या वाट्याला काय आलं?

आज दाढ काढायची म्हटलं की डॉक्टर आधी हिरडी बधिर करतात. १८४४ साली मात्र पेशंटला खुर्चीत दाबून धरायचं आणि पक्कडीने दाढ ओढायची, एवढाच मार्ग होता. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातला तरुण डेंटिस्ट होरेस वेल्स हे रोज बघत होता.

१० डिसेंबर १८४४. गार्डनर कोल्टन नावाच्या माणसाचा लाफिंग गॅसचा खेळ बघायला वेल्स गेला. गॅस हुंगून लोक नाचायचे, हसायचे. त्या धुंदीत एका तरुणाचा पाय चांगलाच ठेचकाळला, पण त्याला पत्ताच नाही. बाकीचे हसत होते, वेल्स मात्र त्या पायाकडे बघत होता.

दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनला बोलावलं, स्वतः गॅस घेतला आणि जॉन रिग्ज या डेंटिस्टकडून आपली दाढ काढून घेतली. दुखलं नाही! गॅसचा अंमल काही मिनिटांचाच असतो. दाढ गेल्यावर जो खड्डा उरतो त्याचं ठणकणं, त्यात लवंगतेलाचं ड्रेसिंग भरणं हे नंतरचं काम. पण लोक ज्या क्षणाला घाबरायचे, तो सुटला होता.

पेटंट घ्यायला त्याने नकार दिला. जानेवारी १८४५ मध्ये बोस्टनला जाऊन डॉक्टर आणि विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रयोग केला. गॅसची पिशवी बहुधा लवकर काढली गेली. पेशंट ओरडला, सगळ्यांनी वेल्सची हुर्यो उडवली. पुढच्याच वर्षी त्याचा जुना विद्यार्थी आणि भागीदार विल्यम मॉर्टन याने त्याच बोस्टनमध्ये ईथरचा प्रयोग यशस्वी केला. नाव त्याचं झालं.

श्रेयाच्या भांडणात वेल्स खचला. क्लोरोफॉर्म स्वतःवर वापरता वापरता त्याचं मानसिक संतुलन ढासळलं. जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर महिलांवर ॲसिड फेकल्याबद्दल त्याला अटक झाली. त्या महिलांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, हेही खरंच. २४ जानेवारीला त्याने तुरुंगात आयुष्य संपवलं. तो जेमतेम ३३ वर्षांचा होता.

पॅरिसच्या डॉक्टरांनी शोधाचं श्रेय त्याला दिल्याची बातमी अमेरिकेत पोहोचली, ती तो गेल्यावर. १८६३ पासून त्याच कोल्टनने लाफिंग गॅस देऊन दात काढण्याचा धंदा जोरात चालवला. १८६४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननेही वेल्सचा हक्क मान्य केला. हार्टफर्डच्या बुशनेल पार्कमध्ये आज त्याचा पुतळा आहे.