कर्मवीर अण्णा आणि वाडीवरची शाळा

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम आमच्या आत्याबाईच उभ्या राहिल्या. वडूजपासून दूर एका वाडीत त्या वाढल्या. घरी शेळ्या, कडेवर धाकटा भाऊ आणि शाळा तीन कोसांवर! पुढे वाडीतच व्हॉलंटरी शाळा निघाली आणि मारुतीच्या देवळात भावाला मांडीवर घेऊन आत्याबाई बाराखडी शिकल्या. तो भाऊ म्हणजे माझे वडील. म्हातारपणी पोथी उघडताना आत्याबाई देवाआधी कर्मवीर अण्णांचे नाव घेत.

भाऊराव पाटलांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोजला झाला. कोल्हापुरात ते शिकले खरे, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये सातारला वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकाच पंगतीला बसत.

भगिनींनो, ती पंगत वाढली कोणी? लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या माउलीने परक्यांची पोरे पोटच्या पोरांसारखी सांभाळली. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा एकेक दागिना दिला, अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या गेल्या. अण्णांच्या चरित्रात त्यांना चार ओळी मिळतात, याचे मला वाईट वाटते.

1937 मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. शाळा नसलेल्या खेड्यांत कोणी शाळा चालवील तर सरकार अनुदान देईल, अशी योजना निघाली. अनुदान तुटपुंजे; पण नुसत्या हुकुमाने का शाळा उघडते? डोंगर चढून वाडीवर राहणारा मास्तर हवा. अण्णांनी 1935 मध्येच सातारला अध्यापक विद्यालय काढले होते, म्हणून मास्तर तयार होते. 1938 मध्ये यवतेश्वरला पहिली व्हॉलंटरी शाळा सुरू झाली आणि पाहता पाहता त्या 578 झाल्या. कुठे देऊळ, कुठे चावडी, कुठे झाडाची सावली! पुढे त्या शाळामंडळाकडे गेल्या.

9 मे 1959 रोजी अण्णांनी देह ठेवला.

2009 च्या कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरी शाळाबाह्य मुले शोधत शिक्षकांना अजून वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीच्या फडांवर जावे लागते. गेल्या वर्षी मीही एका बाईंबरोबर भट्टीवर गेले होते. एक पोर भावाला कडेवर घेऊन उभी होती. बाईंनी तिचे नाव वहीत लिहिले आणि म्हणाल्या, उद्या येताना त्यालाही घेऊन ये.