श्वास मोजणारे स्वामीजी

गेल्या पावसाळ्यात एका श्वसनवर्गात मला चक्कर आली. निवृत्तीनंतर माझी झोप उडाली होती. दुपारी अंग मोडून यायचे आणि रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडले नाही, तेव्हा फिरायला जा आणि दीर्घ श्वसन करा असे सांगून मोकळे झाले. म्हणून आमच्या भागातल्या एका सभागृहात सकाळच्या वर्गाला जाऊ लागलो. तिथले शिक्षक उत्साही होते. पोट फुगवा, जोरात घ्या, भरभर घ्या, जितका प्राणवायू जास्त तितकी शक्ती जास्त, असा त्यांचा हिशेब. आठव्या-दहाव्या मिनिटाला माझ्या बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि समोरची भिंत हलू लागली. शेजारच्या वहिनींनी हात धरून खाली बसवले, पाणी दिले. घरी येताना एकच प्रश्न डोक्यात होता. शक्ती मिळवायला गेलो आणि असलेली गेली, हे कसे?

त्याचे उत्तर मला अप्पांच्या ट्रंकेत मिळाले. अप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेत चित्रकला शिकवायचे. रोज पहाटे सतरंजीवर अर्धा तास निजून राहायचे आणि आई त्याला गमतीने दुसरी झोप म्हणायची. ट्रंकेत त्यांच्या जुन्या पुस्तकांत स्वामी कुवलयानंदांचे प्राणायामावरचे पुस्तक होते. एका पानाच्या समासात पेन्सिलीची जाड रेघ होती. पूरक करताना पोट फुगवू नये, ते आवरलेले असावे, असा त्या पानाचा आशय. वर्गातल्या शिक्षकांच्या अगदी उलट! मग मी त्या माणसाच्या मागेच लागलो.

लोणावळ्याचे कैवल्यधाम आपल्यापैकी पुष्कळांनी निदान बाहेरून तरी पाहिलेले असते. ते उभे करणाऱ्या स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घरची गरिबी. शिक्षण हिकमतीने आणि शिष्यवृत्त्यांवर झाले. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळात ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलाकडे सारे गाव बोट दाखवी. पुढे बडोदा कॉलेजात असताना राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० त्यांनी शरीर घडवले. टिळकांच्या आणि अरविंदांच्या विचारांचा तो काळ. तरुण गुण्यांनीही देशाला वाहून घ्यायचे ठरवले, ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि खानदेशात अमळनेरला शिक्षक म्हणून गेले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीची ती संस्था इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपली आणि १९२० साली बंद पडली.

तोवर त्यांच्या आयुष्यात दुसरी गोष्ट घडली होती. १९१९ साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींची आणि त्यांची गाठ पडली. गुरूंचा सहवास फार वर्षांचा नव्हता, पण त्यांनी जे दाखवले त्याने गुण्यांची झोप उडाली, अर्थात माझ्यासारखी नव्हे! हठयोगातल्या क्रिया त्यांना आल्या, त्यांचे परिणाम अंगी जाणवले. एखादा दुसरा असता तर तिथेच डोळे मिटून बसला असता. पण हा व्यायामशाळेत वाढलेला, अंगाला हात लावून पाहणारा माणूस. जे जाणवते ते आत नेमके कशामुळे घडते, हे त्यांना पाहायचे होते. कोणाही भक्ताला हा उपमर्द वाटला असता. त्यांना ती गुरुसेवाच वाटली असावी, असे मला वाटते.

बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरण यंत्र होते. १९२०च्या सुमारास गुण्यांनी तिथे उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे प्रयोग सुरू केले. उड्डियानात श्वास पूर्ण सोडून पोट आत, वर खेचले जाते. नौलीत पोटाचे मधले दोन उभे स्नायू दोरखंडासारखे बाहेर काढतात. या क्रिया करताना छातीखालचा पडदा कुठवर सरकतो आणि आतडी कुठे जातात, हे चित्रात दिसू लागले. मग त्यांनी आतल्या दाबाचे मोजमाप घेतले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, पोकळी तयार होते आणि म्हणूनच जुन्या बस्तिक्रियेत पाणी आपोआप आत ओढले जाते, हे त्यांना आकड्यांत सापडले. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचे नाव दिले. शोधाला स्वतःचे नाव देण्याचा मोह कितीजणांना आवरतो?

ऑक्टोबर १९२४मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याबरोबरच ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. त्यात एका बाजूला प्रयोगशाळेतले निष्कर्ष आणि दुसऱ्या बाजूला सामान्य माणसाने आसन कसे करावे याची कृती असे. योग म्हणजे जटा आणि गुहा अशीच ज्या काळी समजूत होती, त्या काळात हे धाडसच होते. शास्त्री म्हणणार, पवित्र गोष्टीला नळ्या कशाला लावता? डॉक्टर म्हणणार, साधूंच्या कसरतीत विज्ञान कसले? दोघांच्या मधे उभे राहून त्यांनी बेचाळीस वर्षे काम केले.

आता माझ्या चकरेकडे येतो. प्राणायामाने शरीराला खूप जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही पक्की होती. स्वामीजींनी बाहेर पडणारी हवा तपासून पाहिली आणि प्राणायामाचे मोल प्राणवायूत नाही, असे निर्भीडपणे लिहिले. त्यांच्या मते ते मोल छातीपोटातल्या दाबांच्या बदलात आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात होते. आज आपल्याला ठाऊक आहे की निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू जवळजवळ भरलेलाच असतो. जोरजोरात श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. उलट कर्बवायू प्रमाणाबाहेर निघून जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. माझे नेमके हेच झाले होते.

मग सावकाश, खोल श्वासाने बरे का वाटते? इथे थोडे गणित करू. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा. त्यातली १५०च्या आसपास नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहते, फुप्फुसांच्या कामी येत नाही. मिनिटाला १२ श्वास ५००चे घेतले तर ६ लिटर हवा आत जाते आणि त्यातली ४.२ लिटर कामी येते. काळजीत असलेला माणूस छातीच्या वरच्या भागाने उथळ श्वास घेतो. २५०चे २४ श्वास घेतले तर हवा तेवढीच, ६ लिटर, पण कामी येते जेमतेम २.४ लिटर. म्हणून त्याला आणखी भराभर श्वास घ्यावा लागतो, मान आणि खांदे दिवसभर ओझे उचलतात. दुपारचे अंग मोडणे कुठून येते, हे मला पहिल्यांदा कळले. हेच १००० मिलिलिटरचे सहा श्वास घेतले तर ६ लिटरपैकी ५.१ लिटर कामी येते. आणि खोल श्वासाचे मुख्य काम करतो तो पोट आणि छाती यांमधला घुमटासारखा पडदा. तो खाली सरकला की आतडी दाबली जातात आणि पोट हलके पुढे येते. पोटाने श्वास घेणे म्हणतात ते एवढेच. हवा पोटात जात नाही. शिवाय सावकाश उच्छ्वासाबरोबर हृदयाची गती उतरते, हे आज यंत्रावर दिसते.

पण मग अप्पांनी रेघ मारलेल्या त्या पानाचे काय? पाश्चात्त्य व्यायामतज्ज्ञ पोट फुगवून श्वास घ्यायला सांगत. त्याने जास्त हवा आत जाते, हा त्यांचा दावा स्वामीजींनी प्रयोगाने तपासला आणि चूक ठरवला. पोट थोडे आवरले तर छाती चांगली फुलते, असे त्यांचे निरीक्षण होते. मी हे पान पाच-सहा वेळा वाचले. माझी समजूत अशी झाली की ते बैठकीतल्या, शिस्तीच्या प्राणायामाबद्दल बोलत आहेत. शवासनाची त्यांची रीत निराळीच आहे. तिथे आधी अंग सैल सोडायचे, मग श्वास नुसता पाहायचा, मग घेणे आणि सोडणे सारखे करायचे, आणि खोली हळूहळू वाढू द्यायची. अप्पांची दुसरी झोप ती हीच. विश्रांतीसाठी पोट मोकळे सोडणे आणि साधनेसाठी ते आवरणे या दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्या की माझ्यासारख्यांची फजिती होते.

१९२७ साली महात्मा गांधींची प्रकृती ढासळली, रक्तदाब वाढला आणि ते म्हैसूरकडे नंदीच्या डोंगरावर विश्रांतीला गेले. तेव्हा त्यांनी स्वामीजींचा सल्ला घेतला आणि पत्रांतून प्रकृतीचा तपशील कळवत राहिले. शवासन आणि काही सोपी आसने त्यांनी करून पाहिली. दोघेही प्रयोगवेडे, त्यामुळे ही जोडी मला फार आवडते.

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून कोवूर बेहानन नावाचे मूळचे केरळचे मानसशास्त्रज्ञ लोणावळ्याला येऊन राहिले. स्वामीजींकडे प्राणायाम शिकले आणि परत जाऊन स्वतःवरच मोजमापे केली. त्यांचे पुस्तक १९३७ साली निघाले. प्राणायामानंतर लगेच बेरजा वगैरे साध्या कसोट्या दिल्या तर त्यांचा वेग वाढण्याऐवजी मंदावलेला त्यांना आढळला. म्हणजे बुद्धीला धार लावणारे हे टॉनिक नव्हे, ही उसंत आहे. शिष्याच्या अशा निष्कर्षाने एखादा गुरू रागावला असता. पण पाहुण्याला तपासू देणे हाच तर त्या आश्रमाचा रिवाज होता.

मुंबईत चौपाटीजवळही त्यांनी केंद्र उघडले, शाळांतल्या शारीरिक शिक्षणासाठी सरकारी समित्यांवर काम केले, लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय काढले. १८ एप्रिल १९६६ला ते गेले. चमत्कारांच्या कथा त्यांच्या नावावर फारशा नाहीत. त्यामुळेच कदाचित आज त्यांचे नाव घराघरांत घेतले जात नाही.

तो वर्ग मी सोडला. डॉक्टरांना विचारून, कारण रक्तदाब किंवा दमा असलेल्यांनी विचारल्याखेरीज काहीच करू नये, घरीच सुरुवात केली. रात्री गादीवर उताणा पडतो, गुडघे किंचित वर. श्वास कोंडत नाही. चार आकडे मोजत घेतो, सहा मोजत सोडतो, दहा मिनिटे. पहिल्या आठवड्यात काहीच झाले नाही. तिसऱ्या आठवड्यात दोनऐवजी पहाटे चारला जाग आली. आता बहुतेक रात्री साडेपाचपर्यंत झोप लागते. सगळ्या रात्री नाही.

पोट हलते की नाही ते कळावे म्हणून त्यावर काहीतरी ठेवा, असे कोणीतरी सांगितले होते. मी अप्पांचेच पुस्तक ठेवतो. पोट फुगवू नका सांगणारे ते पुस्तक माझ्या पोटावर सावकाश वरखाली होत असते आणि शेजारून सौ. विचारते, झोपलात का? मी हुं म्हणत नाही, आकडा चुकतो.