पेंटर नव्हे, मिस्त्री!

बाबूराव पेंटरांना सगळे कलामहर्षी म्हणतात, पण मला ते आपल्या मेकॅनिकलवाल्यांचेच जास्त वाटतात. जन्म १८९०, आपलं कोल्हापूर. आडनावच मुळी मेस्त्री! नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढे सिनेमाचं वेड लागलं आणि दोघांनी चक्क स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला.

प्रोजेक्टर त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या पोटातलं काम तसं एकच. फिल्म क्षणभर थांबवायची, मग पुढची चौकट ओढायची. पण कॅमेऱ्यात प्रकाशाची एक तिरीप शिरली की फिल्म वाया. म्हणजे तीच हालचाल अंधाऱ्या पेटीत बसवायची, वर शटरचा मेळही घालायचा. (जॉबला फाइल मारताना आपले काय हाल होतात ते वर्कशॉपवाल्यांना विचारा.)

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ते सोडलं नाही. दामल्यांना हाताशी घेऊन १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. त्याच कॅमेऱ्याने चित्रित झालेला ‘सैरंध्री’ प्रदर्शित झाला, १९२० मध्ये. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने कात्री लावली! सिनेमा पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. आनंदरावांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.